धनुबाईच्या वाडीतली टरबुजं

कार्तिकात तापीचं पाणी ओसरलं की धनुबाई आणि तिचा नवरा दोधू पात्रातल्या वाळूत चर खणायचे, शेणखत भरायचे आणि टरबुजाचं बी लावून वाडी करायचे. शेजारपाजारचे वाडीवाले सगळं बी एकाच गाडग्यात ठेवत. धनुबाईला ते चालत नसे. गोल काळ्या टरबुजाचं बारीक बी एका फडक्यात, लांबोड्या पट्टेरी टरबुजाचं मोठं तपकिरी बी दुसऱ्यात. काळं टरबूज गुळासारखं गोड, पण सालीला इतकं नाजूक, की शहाद्याच्या बाजाराला नेताना गाडीतच तडकायचं. पट्टेरी कितीही आदळा, फुटायचं नाही. चव मात्र पाण्याची.

एका वर्षी काळ्याच्या चरात अंगावर फिकट रेघा असलेली टरबुजं निघाली. बी तर तिनेच वेचलेलं. मग या रेघा आल्या कुठून? धनुबाई सकाळी वेलांपाशी उकिडवी बसू लागली. मधमाशी या चरातल्या फुलात शिरे आणि पिवळी भुकटी अंगाला माखून त्या चरात जाई.

तिने काळ्याच्या वेलावरची, देठाशी चिमुकलं फळ असलेली एक कळी चिंधीत बांधून टाकली.

"येड लागनं का तुले?" दोधू म्हणाला. "फूल बांधीसन काय मिळस?"

"माले देखनं शे. माशी नही उनी ते काय व्हस."

ते चिमुकलं फळ पिवळं पडून गळलं. म्हणजे भुकटी लागतेच. धनुबाईने दुसरी कळी बांधली. ती उमलली त्या सकाळी चिंधी सोडून पट्टेरीच्या वेलाचं नर फूल त्यावर हळूच घासलं आणि पुन्हा चिंधी बांधली. फळ धरलं. मोठं झालं, तेही निव्वळ काळं. तरी तिने त्याचं बी जपून ठेवलं.

पुढच्या वर्षी त्या बियांची टरबुजंही सगळी काळीच आली.

"इतली मेहनत करी, नि हाई ते काळंच शे!" दोधू हसला. धनुबाईचं तोंड उतरलं.

गाडी भरताना त्यातलंच एक दोधूच्या हातातून निसटलं आणि खडकावर आदळलं. दोघांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा टरबूज वाळूत घरंगळत चाललं होतं.

"फुटनं नही!" दोधू ओरडला.

धनुबाईने धावत जाऊन ते कापलं. सुरी जोर लावून घालावी लागली. आत लालभडक, आणि जुन्या काळ्याहून किंचित कमी, पण चांगलं गोड. दोधूने रस गळणारी फोड संपवली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.

शेजारच्या वाडीतल्या मंगलाबाईने लगेच बी मागून नेलं. पण पुढच्या चैत्रात ती तणतणत आली. "हाई काय बी दिन्हं तू माले? बठ्ठा रंगना टरबूज निंघनात!"

धनुबाई तिच्या वाडीत गेली. काळी, पट्ट्यांची, गोल, लांबोडी, काही हात लावताच तडकणारी, सगळी एकाच बियाण्यातून. मंगलाबाई रागावलेली, आणि ही एकेक फोडून चाखत बसलेली.

"मंगलाबाई, ह्या पट्टा मांगला वरीसले कोठे लपेल व्हतात व?"

मंगलाबाईही शेजारी बसली आणि चाखू लागली. उन्हं कलेपर्यंत दोघींनी टणक सालीची, गोड फळं निवडून काढली, त्यांचंच बी ठेवलं.

त्यानंतर दरवर्षी दोघी मिळून निवड करत. गाडीत फुटणारी टरबुजं हळूहळू कमी झाली. पलीकडच्या काठाचे लोकही बी मागायला येऊ लागले. तरी एखाद्या चरात मधूनच भलतंच काहीतरी निघे, पिवळ्या गराचं, नाहीतर पांढऱ्या बीचं. म्हातारपणी वाळूत फार चालवत नसे, तेव्हाही असं फळ निघालं की धनुबाई ते घरी मागवून घेई, आणि ते आधी स्वतः कापे.