सगळ्यात खाली झाडू

"खाली ठेवलीय, उचल," बाई म्हणाल्या.

पहिलीत मी पहिली आले होते. दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्या दोघींना रंगपेटी हातात मिळाली, पाठीवर थाप मिळाली. माझी पेटी बाईंनी फरशीवर ठेवली. मी वाकून उचलली. टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबायच्या आत बाई म्हणाल्या, "आता वर्ग झाडून घे. तुझ्या हाताला सवय आहे." माझी माय गावचे रस्ते झाडायची. सगळा वर्ग हसला. बक्षीस बगलेत धरून मी वर्ग झाडला. घरी येऊन सांगितलं, तर माय म्हणाली, "पेटी भेटली ना? मग गप ऱ्हा." मी गप राहिले. फार वर्षं राहिले.

आता मी चेन्नईत, सिरुसेरीच्या एका कंपनीत चित्रं काढते. लहान मुलांच्या वर्गासाठी अ‍ॅप आहे. अभ्यास केला की चांदणी मिळते, चांदण्या साठल्या की मुलाचं चित्र बदलतं. पडद्यावर सगळ्या वर्गाचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली त्याचं चित्र. वर मोर, मग पोपट, मग कासव. कासवाच्याही खाली काय, ते कंपनीतल्या आमच्या सरांनी ठरवलं. झाडू. सर पुण्याचे. परमुलखात मराठी साहेब भेटला म्हणून मला केवढा आनंद झाला होता. "झाडू कुणालाच नको असतो," ते म्हणाले, "म्हणून तर मुलं पळतील." मी काढायला नाही म्हटलं. त्यांनी ते चित्र दुसऱ्याकडून करवून घेतलं. "आधी चाचणी तर होऊ दे."

चाचणी चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोरच्या एका शाळेत झाली. सर आणि मी गेलो होतो. वीजकेंद्राची राख बाकांवर बसलेली. तिथे सेल्वी नावाची पहिलीतली पोर होती. निम्म्या चांदण्या घरी फोनवर करायच्या अभ्यासाच्या, आणि तिच्या घरी तसला फोनच नव्हता. तिच्या फोटोखाली झाडू आला. पोरं खिदळली. टीचरनं गंमत म्हणून कोपऱ्यातला खरा झाडू उचलून तिच्या हातात दिला.

सेल्वी रडली नाही. वाकली आणि झाडायला लागली. बाकाखालून नीट, कोपऱ्यापासून दाराकडे. तिला कुणी शिकवावं लागलं नाही. माझ्या पायाशी आली तेव्हा थांबली आणि तमिळमध्ये विचारलं, "अक्का, माझी अम्मा रोज हेच करते. तीपण हरली का?"

सर मोबाइलवर हे सगळं शूट करत होते. "बघ, बघ, वर्ग कसा गुंतलाय!"

मी सेल्वीच्या हातातून झाडू घेतला आणि सरांपुढे धरला. "तुम्ही झाडा."

टीचरला कळू नये म्हणून ते हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "अगं, गेम आहे तो. तुम्हा लोकांना जिथेतिथे तेच दिसतं."

"दिसतंच," मी म्हणाले. "आमच्याच हातात दिलेलं असतं."

मग खाली बसून सेल्वीला सांगितलं, तुझी अम्मा हरलेली नाही. तिचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे. ती पडद्याकडे बघत होती, आणि पडद्यावर झाडू तसाच होता.

आमच्याकडे अ‍ॅप शाळांत जाण्याआधी चित्रं करणाऱ्यांपैकी एकाची मंजुरी लागते. या वेळी ती माझी आहे, आणि मी ती अडवली आहे. सरांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय. मंजुरी दे, नाहीतर राजीनामा दे. भीती वाटते. खोटं कशाला बोलू? वेलचेरीची खोली भाड्याची आहे, गावाकडे माय थकली आहे.

पण मंजुरी मी देणार नाही. राजीनामाही देणार नाही. कामावरून काढायचं तर त्यांनी काढावं, आणि कशासाठी काढलं ते लिहून द्यावं. एका रंगपेटीत मी गप बसले होते. आता पगारातही गप बसणार नाही.

आणि काढलंच, तर मी एन्नोरला जाईन. सेल्वीच्या अम्माला, तिच्याबरोबर झाडणाऱ्या सगळ्या बायांना त्या वर्गात घेऊन जाईन आणि पडद्यासमोर उभं करीन आणि पोरांना सांगेन, यांतली कुणीच हरलेली नाही. तमिळ माझं मोडकंतोडकं आहे. एवढं सांगण्यापुरतं पुरेल.