नाल्याखालच्या डोहातला ऑक्सिजन

आमच्या पाणी तपासणीच्या लॅबमधून रिपोर्ट वेळेवर निघत नाहीत, किस्से मात्र न मागता निघतात. गोंदियाजवळच्या एका नदीत ऑक्सिजन किती आहे, ते आम्ही मोजतो. नाला जिथे नदीला मिळतो, त्याच्या थोडं खाली एक डोह आहे. त्यात ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीने मासोळी वाढवली आहे. सोसायटीचे अध्यक्ष सुखदेवभाऊ. डोह गेला तर त्यांचं वर्ष गेलं, म्हणून उन्हाळाभर ते आमच्याच लॅबमध्ये बसलेले असतात.

*

कटरे साहेब आमचे प्रमुख. सॅम्पल ऑफिसच्या वेळेतच घ्यायचं, हा त्यांचा नियम. भर दुपारी डोहातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे रिपोर्ट दरवेळी झकास! रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन ओढून घेतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात.

"साहेब, एकदा पहाटे जाऊ या," मी म्हटलं.

"जाऊ. पण फॉर्मवर वेळ दहा ते सहा छापलीय. पहाटेचा ऑक्सिजन कुठे लिहिणार?"

मी चिडून पुन्हा दुपारचंच सॅम्पल घ्यायला निघालो.

*

सॅम्पलची बाटली पाण्याखाली धरून, बुडबुडा न येऊ देता भरायची असते. एकदा पाहुणे आले म्हणून साहेबांनी स्वतः करून दाखवलं. पुलावरून बादली सोडली, वर ओढली आणि उंचावरून बाटलीत धार धरली. सगळी हवा पाण्यात मिसळली. ऑक्सिजन एकदम वाढला!

"बघा, नदी सुधारली," साहेब म्हणाले.

सुखदेवभाऊ म्हणाले, "मंग साहेब, रोज तुमीच येऊन पाणी ओतत जा नं!"

*

मे महिन्यात भाऊंनी विचारलं, "मासोळी सकाळीच काऊन वर येऊन राहिली?"

मी समजावलं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. त्यात नाल्याची घाण उन्हात लवकर कुजते आणि उरलेलाही खाते. नदी वाहती असती तर घाण पुढे गेली असती, हवा मिसळली असती. पण धार तुटलेली.

भाऊंनी यातलं फक्त तापणं धरलं. दुसऱ्या दिवशी डोहावर ट्रॅक्टरभर बर्फाच्या लाद्या!

पाणी होतं तसंच राहिलं. पण डोहाकाठी बर्फ दिसल्यावर मासे घेणारे व्यापारी मात्र फुलचूरपासून धावत आले. "माल निघाला का?" म्हणत भावावर घासाघीसही सुरू झाली.

"यांना कोणी बोलावलं?" साहेबांनी विचारलं.

"बर्फानं," भाऊ म्हणाले.

*

अखेर एकदा साहेब पहाटे आले. पाण्यात ऑक्सिजन असला की औषध टाकल्यावर बाटलीत तपकिरी साका धरतो. त्या दिवशी तो पांढराच राहिला. साहेबांनी बाटली पुन्हा पुन्हा हलवली. समोर डोहभर मासे तोंड वर करून तरंगत होते. मला पहिल्यांदाच साहेबांची दया आली.

साहेबांनी तिथूनच वरच्या बंधाऱ्याच्या अधिकाऱ्याला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"थोडं पाणी सोडा. मासे जातील."

"अभी मरे क्या?"

"अजून नाही."

"तो मरने दो ना. फोटो भेजो, अर्जंट में लेता हूँ."

शेजारी उभं राहून ऐकणारे भाऊ मोटारसायकल काढून गेले. दुपारी साहेबांच्या फोनवर फोटो आला: डोहाचा काठ आणि वाळूवर ओळीने मेलेले मासे. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो न्याहाळायचं त्यांच्याच्याने झालं नाही, तसाच त्यांनी त्या अधिकाऱ्याला पाठवला.

संध्याकाळी बंधाऱ्याचं गेट उघडलं. रात्रभर धार चालली. सकाळी डोहात एकही मासा वर नव्हता, सगळे खाली गेले होते.

काठावर बसून साहेबांनी फोटो पुन्हा उघडला, बोटांनी मोठा केला.

"सुखदेवभाऊ! हे तर बांगडे! समुद्रातले!"

"बजारात तेच भेटले."

"अरे, पण..."

"मंग का आपली मारून दाखवाची होती, साहेब?"