बोगद्यात गप्प बसायची रीत

“शांत आहे हो मुलगी. बरंय, आमच्याकडे बोलणारे पुष्कळ आहेत.”

मुलाची आत्या आईला सांगत होती. मी खिडकीशी होते, म्हणून मला ऐकू येत नसावं असं दोघी धरून चालल्या होत्या. लोणावळा मागे पडलं होतं. साखरपुड्यासाठी आम्ही पुण्याहून दादरला निघालो होतो. मुलगा अमेरिकेतून थोड्या दिवसांच्या रजेवर आलेला. तिथे मला नोकरी करता येणार नव्हती. येरवड्याच्या ऑफिसात पाठवायचा राजीनामा ड्राफ्टमध्ये पडून होता. मला कुणी विचारलंच नाही, असं नाही. विचारलं होतं. मी गप्प बसले आणि घरात पेढे आले.

घाटातले बोगदे लागले की डब्यातली पोरं ओरडतात. आम्ही भावंडं कधी ओरडलो नाही. इंग्रजांनी हा घाट फोडला तेव्हा बाबांची खापरपणजी इथे दगडांच्या पाट्या वाहायची. सुरुंग उडाला की धूर विरायच्या आत बायकांना आत धाडत. त्यातच ती गेली. नेमकी कुठल्या बोगद्यात, ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून प्रत्येक बोगद्यात गप्प बसायचं. शाळेत मी या घाटावर इंग्रजीत निबंध लिहिला होता, त्यात नुसते इंजिनिअर होते. बाबा वाचून म्हणाले, “छान. डोंगर आपणहून बाजूला झाला वाटतं.”

ब्रेक तपासायला गाडी थांबली. उतरावं आणि रुळांवरून उलटं चालत सुटावं, असं वाटलं.

“घे गं चिवडा, लाजतेस काय?” आत्या म्हणाल्या. मी घेतला.

पहिला बोगदा आला. पोरं किंचाळली. बाबांनी पेपर मिटून मान खाली घातली. आईनेही. उजेड आला, गेला, पुन्हा अंधार. दर अंधारामागे दादर जवळ येत होतं. आत जायच्या आधी खापरपणजी नको म्हणाली असेल का? म्हणाली असेल, तर कुणाला? ती कशी गेली तेवढं आमच्या घरात सांगतात. ती काय म्हणाली, ते कुणी सांगितलं नाही.

पुढचा बोगदा लांब होता. मी चाचपडत बाबांचा हात धरला. त्यांनी तो हलकेच दाबला, गप्प राहा म्हणून. पोरांच्या आरडाओरड्यातही सगळ्यांना ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने मी म्हणाले,

“बाबा, मला हे लग्न करायचं नाही.”