आक्काचा दुसरा गियर

कारखान्याच्या गेटबाहेर आक्काची गाडी उभी दिसली आणि चालवणाऱ्याच्या जागेवर हमीदभाई. मला आधी रागच आला. तयार झाल्यापासून ती गाडी आक्का कुणाला चालवू देत नसे. हमीदभाईंनाही नाही, आणि गाडी तर त्यांनीच बांधलेली. मग ते उतरले, देहूहूनच आलो म्हणाले... सकाळी देहूच्या शाळेत, फळ्यावर गणित मांडता मांडता, आक्काच्या छातीत कळ आली होती. मुलांनी तिला बाकावर निजवलं, डॉक्टरांना बोलवायला माणूस धावला, पण ते पोहोचायच्या आत ती गेली. वाट बघत पडून राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

आता महिना होत आला. मला अजून एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून अंगणात चक्कर मारून आलोय. हा आमच्या घरातला रोग आणि आक्का त्याची मूळ रोगी! माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी ताप आला, तिचा डावा पाय लुळा पडला, आणि तेव्हापासून उरलेल्या अंगाने ती दुप्पट धावायला लागली. उचलून घेतलेलं तिला खपत नसे. वडील कडेवर घ्यायला वाकले की ती त्यांच्या हाताला चावायची. मोठेपणी शिक्षिका झाली, देहूच्या शाळेत नोकरी लागली, आणि चिंचवडहून तिथे जायचं म्हणजे माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसणं आलं. सगळी वाट तिची कुरकुर चालायची. "मी काय पोतं आहे?" हे वाक्य मी रोज ऐकलंय. पुढे मला शिफ्ट लागली आणि तेही बंद झालं. कधी टांगा, कधी एखादी बैलगाडी, त्यामुळे रोज उशीर. शेवटी हेडमास्तरांनी बजावलं, की दसऱ्यानंतर घंटेच्या आत हजर नसाल तर दुसऱ्या बाई बघाव्या लागतील. मी कधी रात्रपाळीला, त्यामुळे आईला एकटं टाकून देहूत खोली घेणं शक्य नव्हतं. नोकरी गेली असती तर आक्का घरात बसली असती, आणि घरात बसलेली आक्का मला डोळ्यांपुढे आणवत नव्हती.

म्हणून ही गाडी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी हमीदभाईंचं वर्कशॉप. खडकीला लष्कराच्या भंगारात त्यांना मोटारसायकलचं इंजिन मिळालं. त्याला चार चाकं, पत्रा आणि लाकडी बैठक जोडून त्यांनी आक्कासाठी मोटार उभी केली. मोटारसायकलचा गियर पायाने टाकतात. आक्कासाठी त्यांनी सळई जोडून तो हाताच्या दांड्यावर आणला, क्लचही हातातच दिला. सपाटीला गाडी झकास पळायची. चढ आला, की दुसरा गियर खाडकन निसटायचा, इंजिन बोंब मारायचं आणि गाडी मागे घरंगळायची. देहूच्या वाटेवर चढ काही कमी नाहीत. हमीदभाईंनी गियरबॉक्स किती वेळा उघडला देव जाणे. दर वेळी गाडी विटांवर चढवायची, चाकं हवेत फिरवून बघायची, आणि विटांवर तो गियर शहाण्यासारखा वागायचा!

खंडेनवमी उजाडली. वर्कशॉपमधले पाने, हातोडे धुऊन, तेल लावून पाटावर मांडलेले, वर हळदकुंकू आणि झेंडू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, आणि या बाबतीत हमीदभाई आमच्यापेक्षा कडक.

"आज न्हाई, ताई. आज हत्यारं झोपल्यात."

"त्यांना झोपू द्या. गाडी तर चालवाल?"

हमीदभाई चालवायला बसले, आणि आक्का शेजारी उलटं तोंड करून बैठकीमागच्या इंजिनाकडे बघत बसली. मी मागून पळत होतो. रस्त्यालगतच्या चढावर गियर निसटला तशी ती ओरडली, "अहो, इंजिन सरकतंय!" इंजिनाखाली जुन्या टायरचे तुकडे घातलेले. चढावर साखळीचा ताण आला की ते दबायचे, इंजिन मागे ओढलं जायचं. सळई मात्र गाडीच्या अंगाला जखडलेली. तीच गियर ओढून काढत होती. विटांवर ताणच नाही, तर दिसणार काय?

"पाना लागंल. उद्या बघू," हमीदभाई म्हणाले.

"हाताला काही बंदी नाही ना?"

सायकलची फाटकी ट्यूब घेऊन ती धुळीत बसली आणि इंजिन सांगाड्याला आवळून बांधलं. शेवटची गाठ दातांनी ओढली. मग आम्हा दोघांना बाजूला व्हायला सांगून एकटी देहूच्या दिशेने निघाली. आम्ही कान देऊन उभे... आता बोंब येईल, मग येईल. आली नाही. ती परतली तेव्हा तोंड काळं झालेलं आणि हसू आवरत नव्हतं. दसऱ्यानंतर हमीदभाईंनी पक्की पट्टी जोडून दिली. शाळा उघडली त्या दिवशी घंटा द्यायला शिपाई आला, तेव्हा आक्का व्हरांड्यात उभी होती.

ती गेली त्या दिवशी तिला घाटावर न्यायला निघालो तेव्हा हमीदभाई गाडी घेऊन आमच्या मागे निघाले. पवनेच्या वाटेवर विसावा आला. रिवाजाप्रमाणे तिरडी खाली टेकवली, खांदेपालट व्हायची होती. कुणीतरी हमीदभाईंना इंजिन बंद करायला सांगितलं. ते म्हणाले, "न्हाई राव. ताईंना थांबल्यालं चालत न्हाई." मलाही तिथे उभं राहवेना, चला, उचला, असं मीच म्हणालो आणि पुढे होऊन खांदा दिला. किती हलकी होती... जन्मभर तिने कुणाला उचलू दिलं नव्हतं. आम्ही चौघांनी तिला उचललं, आणि आक्का काहीच बोलली नाही.