लेकीच्या चाकूचं म्यान

दुकानाचं कुलूप काढलं की काका आधी चामड्याला भोकं पाडायच्या आरीचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे. कुणाचाही चाकू हातात आला की आधी तो पुसायचे, मग नमस्काराला उत्तर द्यायचे. दोऱ्याला मेण लावताना गुणगुणायचे. सूर कधीच लागायचा नाही. चहाचा कप कामाच्या फळीवर ठेवायचे नाहीत. जमिनीवर ठेवायचे आणि विसरून पायाने सांडायचे. आणि रस्त्यावरून कुणी चाकांची बॅग ओढत नेली की हातातला टाका अर्धा सोडून मान वर करायचे.

ही शेवटची सवय माझ्या उशिरा लक्षात आली.

काका चाकूंसाठी चामड्याची म्यानं शिवायचे. गिऱ्हाइकं त्याला कव्हर म्हणायची. "कव्हर पुस्तकाला असतं, साहेब. याला म्यान म्हणा, त्यालाही बरं वाटेल." मी शेजारच्या छापखान्यात मुद्रितं तपासते. माझी पदवी साहित्याची आहे हे कळल्यापासून त्यांनी माझं नाव पंडित ठेवलं होतं. "काय पंडित, आज किती लोकांच्या चुका काढल्या?" दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन बसे. भिजलेल्या चामड्याचा आणि मेणाचा वास असे. आता तिथे काम होत नाही, तरी वास आहे.

चाकू समोर असल्याशिवाय ते म्यान करत नसत. चामडं पाण्यात भिजवायचे, चाकू प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून त्यात ठेवायचे आणि बोटांनी दाबत राहायचे. पात्याचा बाक, मुठीचा उंचवटा हळूहळू चामड्यावर उमटायचा. सुकलं की ते म्यान त्या एकाच चाकूचं. शिवणीच्या आत चामड्याची एक अरुंद पट्टी घालायचे, म्हणजे धार दोऱ्याला लागत नाही.

कोपऱ्यावरचा खाटीक एकदा घाईत होता. "काका, मागच्याच मापाचं करा की. चाकू तोच आहे."

"तोच कसा? वर्षभर दगडावर घासलास ना? तुझं पोट सुटलं, हा रोडावला. दोघांचंही माप नव्याने घ्यायला हवं."

खाटीक हसत पोट आत घेऊन उभा राहिला. जाताना त्यालाही नेहमीचं ऐकावं लागलं. म्यान वाटेपुरतं. घरी गेलं की चाकू बाहेर काढून ठेवायचा, चामडं ओल धरतं आणि पातं गंजतं. भिजलं तर सावलीत वाळवायचं, चुलीजवळ नाही. तेल पाजायचं नाही, लुळं पडतं. थोडं मेण चोळायचं. "आणि बाळासारखं जपू नकोस. वापर."

लेकीबद्दल मला काकूंनी सांगितलं. ती स्वयंपाकाचं काम शिकली. एका मोठ्या बोटीवरच्या स्वयंपाकघरात तिला नोकरी मिळाली. तिचा पहिला चांगला चाकू काकांनीच आणला होता. म्हणाले, "याला म्यान करतो. ते झालं की जा."

एरवी ज्या कामाला दोन-तीन दिवस लागत, ते संपेचना. एकदा चामडं हलकं निघालं. एकदा रंग मनासारखा बसला नाही. एकदा शिवण वाकडी झाली म्हणून सगळी उसवली.

"यांची शिवण वाकडी!" काकू म्हणाल्या. "तिला कळत होतं, मला कळत होतं. कुणाला कळत नाहीये असं फक्त यांना वाटत होतं."

शेवटी एका सकाळी लेकीने चाकू जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळला. "बाबा, म्यान राहू दे. माझी बोट सुटेल." काका मेण लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर फोन यायचे. तब्येत विचारायची, जेवलात का विचारायची. म्यानाचा विषय दोघांनीही काढला नाही. तिच्यासाठी निवडलेलं चामडं माळ्यावर होतं. वर्षं गेली. काका दर थोड्या दिवसांनी ते उतरवून पुसायचे, पुन्हा वर ठेवायचे. इतरांना 'वापर' म्हणणारा माणूस.

यंदा तिचा फोन आला की ती येतेय. थोड्याच दिवसांसाठी. काकांनी फोन ठेवला आणि शिडी लावली.

"चाकू आल्यावर करा ना," मी म्हटलं.

"नको. दारात पाऊल टाकलं की हातात द्यायचंय. या वेळी माझ्यापायी तिला खोळंबायला नको."

"पण माप?"

"तिच्या चाकूचं माप मला विचारतेस? डोळे मिटून काढतो."

आणि काढलं. लाकडाचं एक पातं तासलं, तिच्या चाकूसारखं, त्यावर चामडं बसवलं. फार सुंदर आकार आला. मग टोकाकडून शिवायला घेतलं. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, एक इकडून, एक तिकडून. टाके एकसारखे, तिरके, घट्ट. म्यानाच्या तोंडाजवळ आले आणि हात मंदावला.

"आज संपेल," ते म्हणाले. संपलं नाही. दुसऱ्या दिवशी मेण कडक होतं. तिसऱ्या दिवशी उजेड नीट नव्हता.

"झालं यांचं पुन्हा सुरू," काकू आतून म्हणाल्या.

काका हसले. "अगं, चार टाके तर राहिलेत. कधीही होतील."

त्याच्या दुसऱ्या सकाळी काकूंची हाक मला छापखान्यात ऐकू आली. मी धावले. काका खुर्चीत होते. डोकं फळीवर टेकलेलं, चष्मा अजून डोळ्यांवर. पायाशी चहा सांडला होता. मला वाटलं, नेहमीसारखाच.

लेक आली तेव्हा सगळं उरकलं होतं. रस्त्यावर बॅगेच्या चाकांचा आवाज झाला. मीच मान वर केली.

ती खूप वेळ काकूंना धरून होती. मग दुकानात आली. फळीवरचं म्यान कुणी दाखवायची गरज पडली नाही. तिने बॅग उघडली, टॉवेल सोडला आणि चाकू म्यानात घातला. तो सरळ तळाशी गेला आणि आत हलू लागला. चांगला बोटभर सैल.

"हे कुठल्या चाकूचं आहे?"

"तुझ्याच," काकू म्हणाल्या.

तिने चाकू बाहेर काढून उजेडात धरला. इतक्या वर्षांच्या धार लावण्याने पातं निमुळतं झालं होतं, मधे किंचित आत गेलं होतं. तिने लाकडाचं पातं शेजारी ठेवलं. ते अगदी नव्या चाकूचं होतं. ती गेली त्या सकाळचं.

खाटीक भेटायला आला होता. तो म्हणाला, "ताई, उसवून लहान करता येईल. काकांचं हत्यार आहेच."

"हात लावू नका," ती म्हणाली. एवढंच. मग चाकू फडक्याने पुसला आणि म्यानाच्या शेजारी ठेवला. आत नाही.

तिची रजा संपली. तिने बोटीवर फोन करून पुढची तारीख घेतली. काकूंनी काही विचारलं नाही. मी मात्र काल विचारलं.

"हे तेवढं झालं की निघते," ती म्हणाली.

रोज सकाळी ती कुलूप काढते, खुर्चीत बसते, दोऱ्याला मेण लावते. आरी उचलत नाही. म्यानाच्या तोंडाशी चार टाक्यांची जागा उघडी आहे, आणि दोन्ही बाजूंनी दोन सुया लोंबताहेत.