नमूच्या फोनवरचा रिकामा चौकोन

माझी नणंद नम्रता. घरात तिला सगळे नमू म्हणतात. वय सव्वीस. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पाय चालत नाहीत, बोटं आत वळलेली, आणि बोलायला गेली की गळ्यातून नुसता आवाज येतो. मान तर तिच्या ताब्यातच नाही. हो म्हणायचं असलं तरी हलते, नाही म्हणायचं असलं तरी हलते, काहीच म्हणायचं नसलं तरी हलते. त्यामुळे त्या मानेवर आमच्या घरात कुणी कधी भरवसा ठेवला नाही.

डोकं मात्र लख्ख. आठ वर्षांपूर्वी शाळेतर्फे दीप्ती मॅडम आमच्या गावात घरी येऊन शिकवायच्या. पालीला एसटीतून उतरायच्या आणि पुढे दोन मैल चालत यायच्या. त्यांनी फोनवर नमूला अक्षरं शिकवली. कॅलेंडरवरची एकादशी आज माझ्याआधी तिला कळते. पण फोनवर लिहायचं म्हटलं तर अक्षरं इतकी बारीक की तिच्या बोटाच्या पेरानं एका वेळी तीन-तीन दाबली जातात. म्हणून मॅडमनी एक अ‍ॅप घालून दिलं. पडद्यावर चित्रांचे मोठे चौकोन. चौकोन दाबला की शब्द ऐकू येतो. आवाज आपणच भरायचा.

"वहिनींचा भरा," मॅडम म्हणाल्या, "दिवसभर तिच्याजवळ त्याच असतात."

मी भरायला बसले, शेजारी सासूबाई बसल्या. पाणी, पेज, भूक, झोप, हो, छान, देवबाप्पा असं भरत गेले. मॅडम म्हणाल्या, "आता 'नको' भरा, 'दुखतंय' भरा, 'राग आलाय' भरा."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "तसलं नको हो मॅडम. वास्तू तथास्तु म्हणते. हे यंत्र घरात दिवसभर 'नको नको' करीत बसलं तर काय ऱ्हायल घरात?"

आमच्याकडे तांदूळ संपत नाहीत, वाढतात. दिवा विझत नाही, शांत होतो. मलाही सासूबाईंचंच पटलं. फार झालं तर जेवताना लागतं म्हणून 'पुरे' भरला. मॅडमनी दोन-तीनदा सांगून पाहिलं. पुढे नमूला अठरा पूर्ण झाली आणि त्यांचं येणं बंद झालं.

आठ वर्षं नमू माझ्या आवाजात फक्त चांगलंचुंगलं बोलली. पाटाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी फोन बांधलेला, पाट तिच्या मांडीवर, आणि ती पडवीतल्या खुर्चीत. येणारे-जाणारे म्हणायचे, "किती गुणाची पोर, कधी तक्रार नाही!"

गेल्या वर्षी दिवाळीत सासूबाई गेल्या. आमचे हे, अनिल, मुंबईला कंपनीत. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यातले दिवस मोजले तर आम्ही दोन वर्षंही एकत्र नसू. मूल नाही. सासूबाईंचं वर्षश्राद्ध होताच हे म्हणाले, "नमूसाठी घाटावर एक आश्रम बघितलाय. चांगला आहे. तू आता मुंबईला चल."

मी देवापुढे साखर ठेवली. खोटं कशाला सांगू?

आश्रमाच्या शालनताई नमूला बघायला आल्या. बाई सरळ होत्या. म्हणाल्या, "मोठ्या माणसाला आम्ही त्याच्या मर्जीशिवाय नेत नाही. तिलाच विचारते. नम्रता, आमच्याकडे येशील?"

ह्यांनी पाट पुढे सरकवला. नमूचं पेर पडद्यावर फिरत राहिलं. पहिलं पान, दुसरं पान, परत पहिलं. शेवटी दाबलं, "पुरे." परत, "पुरे. पुरे. पुरे."

हे हसले. "चहा पुरे म्हणतेय. दोन कप झालेत तिचे. काय गो नमू, लाजतेस काय?"

नमू ओरडली. मान गरागरा फिरली, पाट खाली पडला.

"नवीन माणूस बघून होतं तसं," हे म्हणाले. शालनताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"तिला माणसांची आवड आहे," मी म्हटलं. ते खरंच होतं. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर मात्र ते नव्हतं. येत्या गुरुवारी गाडी पाठवते म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या पडवीत कुळीथ निवडत होते. पुढून नमूचा आवाज आला. मग तोच आवाज पुन्हा, अगदी तसाच. पुन्हा तसाच. माणसाच्या गळ्यातून दोनदा एकसारखा आवाज निघत नाही, म्हणून उठून बघायला गेले.

शेवटच्या पानावर काही चौकोन रिकामे होते. रिकामा चौकोन दाबून धरला की फोन आवाज भरून घेतो. आठ वर्षांपूर्वी मी भरताना तिनं बघितलं होतं. तिनं पेर दाबून धरलं होतं आणि स्वतःचा आवाज भरला होता. "आंऽऽह्!"

मी खाली बसले. "नमू, पेज देऊ?"

"हो," माझा आवाज म्हणाला.

"डोक्याला तेल लावू?" तेल तिला आवडत नाही, हे मला तिच्या डोळ्यांवरून ठाऊक होतं. तरी रोज लावायची.

"आंऽऽह्!"

पुढचा प्रश्न विचारला नाही तर काही बिघडणार नव्हतं. गाडी येणार होती, मी मुंबईला जाणार होते, आणि ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. देव होता म्हणा. विचारलं.

"आश्रमात जायचं?"

"आंऽऽह्! आंऽऽह्! आंऽऽह्!"

"इथंच राहायचं? माझ्याजवळ?"

"हो."

दोन दिवस मी गप्प राहिले. तिच्याकडे बघायची नाही. ती तो चौकोन दाबायची, आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायची. बुधवारी सकाळी ह्यांनी तिची पिशवी भरायला घेतली. नवीन गाऊन, पावडर, सासूबाईंची शाल. तेव्हा मी म्हटलं, "जरा थांबा. तिला विचारा."

"विचारलंय ना एकदा!"

"तेव्हा तिच्याकडे शब्दच नव्हता. आम्ही दिलाच नव्हता. आता विचारा."

ह्यांनी विचारलं. उत्तर साऱ्या घरात घुमलं.

"हा आवाज म्हणजे 'नाही' कशावरून? ओरडणंच ना ते?"

"मी सांगते म्हणून."

हे पिशवीकडे बघत म्हणाले, "म्हणजे तू येणार नाहीस."

शालनताईंना फोन मीच केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." हे शुक्रवारच्या एसटीनं गेले. मी बरोबर न्यायला लाडू दिले, ते त्यांनी घेतले. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं.

त्या दिवशी मी दिवा लावला, देवाची आणि सासूबाईंची क्षमा मागितली आणि उरलेले चौकोन भरायला बसले. दुखतंय. राग आलाय. तेल नको. एकटीला बसू दे. 'नको' भरायला गेले तर तिनं माझा हात पेरानं ढकलला. तिचा होता ना तिच्याकडे. शेवटी भरलं, 'कंटाळा आला.'

पाट तिच्या मांडीवर ठेवला. ती सगळे चौकोन एकेक करून बघत गेली आणि शेवटच्यावर थांबली.

"कंटाळा आला," माझा आवाज म्हणाला. "कंटाळा आला. कंटाळा आला."

आठ वर्षांचं साठलेलं ती एका दुपारी बोलत होती. बाहेर अंगणाभोवतीच्या जांभ्याच्या गडग्यावर ऊन तापलं होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. मी खुर्चीच्या पायाशी बसले.

"मलाही गो," मी म्हटलं.