फोटो काढू नयेत

वेलांटीबाईंचं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि दोष त्यांच्या ब्रशाचा होता. चाळीस वर्षं त्या पाट्या रंगवत आल्या होत्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'कुत्र्यापासून सावध'च्या. पाटी कुणाचीही असो, तिच्यातली वेलांटी अशी ऐसपैस यायची, की शेजारच्या दोन अक्षरांवर छप्पर धरावं. दातांचे एक डॉक्टर एकदा तक्रार घेऊन आले, "बाई, लोकांना आधी वेलांटी दिसते, मग मी." "दिसता ना शेवटी?" असं म्हणून बाईंनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. विषय संपला.

वीस वर्षांपूर्वी टेकडीवरच्या जुन्या देवळाचे चिटणीस त्यांच्याकडे पाटी करून घ्यायला आले. हे गृहस्थ शाळेत व्याकरण शिकवायचे, आणि निवृत्त झाले तरी लाल पेन काही त्यांच्या खिशातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी मजकूर आणला होता: 'छायाचित्रण तथा ध्वनिचित्रमुद्रण करण्यास सक्त मनाई आहे.' फळी होती जेमतेम दीड हाताची.

"मुंग्यांएवढी अक्षरं काढू का?" बाईंनी विचारलं.

"मग आटोपशीर करा तुम्ही."

बाईंनी केलं. 'येथे फोटो काढू नयेत.' चिटणिसांनी दोनदा वाचलं, आणि कागदाच्या कोपऱ्यात 'मजकूर बरोबर' असं लाल अक्षरांत लिहून सही ठोकली. बाईंची कुरकुर एवढीच होती, की अख्ख्या वाक्यात वेलांटी औषधालाही नाही.

मनाईबद्दल मात्र त्यांची काही तक्रार नव्हती. देवाकडे पाठ करून हात लांब करायचा आणि स्वतःचंच तोंड न्याहाळायचं, हे बघितलं की त्यांचं डोकं फिरायचं. त्यांनी स्वतः त्या देवळात कधी एक फोटो काढला नाही. आपणच रंगवायचं आणि आपणच मोडायचं, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. त्याची किंमत काय, हे त्यांना फार उशिरा कळलं.

देवळाच्या सभामंडपात डाव्या भिंतीवर एक जुना फोटो होता. कोसळलेलं छप्पर पुन्हा उभं केलं तेव्हाचा, एकसष्ट वर्षांपूर्वीचा. पुढे खुर्च्यांवर त्या वेळची समिती, मागे काम करणारे अकरा जण उभे. खाली खुर्चीवाल्यांची नावं पदव्यांसकट छापलेली, आणि शेवटी दोनच शब्द: 'व इतर'. त्या इतरांमध्ये डावीकडून तिसरी ती बाईंची आई. डोक्यावर दगडांची पाटी, पोटात वेलांटीबाई. "आई पाट्या उचलायची, मी रंगवते, घराण्याचा धंदा एकच," असं बाई हसत सांगायच्या. पण बाई दीड वर्षाच्या असताना ती आई गेली, आणि तिचा दुसरा फोटो जगात नव्हता. आईचा चेहरा म्हणजे तो तेवढाच, अंगठ्याच्या नखाएवढा. चष्म्याचा नंबर बदलला की बाई सगळ्यात आधी टेकडी चढायच्या आणि आई आता किती स्पष्ट दिसते ते बघून यायच्या.

आणि मग एके दिवशी देवळाच्या दारावर नोटीस लागली. फोटोबंदीबद्दल गावकऱ्यांची खुली सभा, आणि विषय क्रमांक दोन: सभामंडपाच्या भिंती मोकळ्या करून देणगीदारांचे फलक लावणे, जुना फोटो अडगळीच्या खोलीत हलवणे. त्याच खोलीत मागच्या वर्षी ठेवलेल्या सतरंज्या वाळवीने फस्त केल्या होत्या.

बाई तडक चिटणिसांच्या घरी गेल्या. "मला त्या फोटोचा फोटो घेऊ द्या. देवाचा नको, दुसरं काही नको."

"नियम म्हणजे नियम, बाई. पाटी तुम्हीच रंगवलीत."

"मग एक दिवस दुकानात नेऊन प्रत काढून आणते."

"देवळाची वस्तू उंबऱ्याबाहेर जात नाही."

"वाळवीच्या पोटात गेलेली चालते?"

"हा प्रश्न भावनेचा नाही, शिस्तीचा आहे," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर ज्या नियमाची बाजू घेतली, त्यानेच अशी सणसणीत थोबाडीत मारावी! घरी येऊन त्यांनी पत्र्याचा जुना डबा उपसला. पाटी रंगवणारा माणूस गिऱ्हाइकाच्या हातचा मजकूर कधी फेकत नाही, कारण उद्या ऱ्हस्वदीर्घावरून वाद झाला की तोच कागद कामाला येतो. बाईंना हवा तो कागद तळाशी सापडला. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

रविवारी सकाळी सभामंडप भरला. पाहुण्यांना देऊळ दाखवणारा वाटाड्या आधी उठला. "लोक लांबून येतात आणि दारावरूनच नाक मुरडून जातात. खांबांचे तरी फोटो काढू द्या!" पुजारी म्हणाले, "आज खांब, उद्या गाभारा. इथे माणसं गप्प बसायला येतात." मग एक सून भीतभीत बोलली. तिच्या सासूबाईंचे गुडघे गेले होते, सहा वर्षांत त्यांना टेकडी चढता आली नव्हती. "हा मंडप एकदा बघायचाय म्हणतात. फोनमधून दाखवला असता." वेलांटीबाईंना गलबलून आलं. बंदीच्या बाजूने बोलायचं ठरवून आलेली बाई, पण त्या क्षणी त्यांना आपलं मत काय ते सांगता आलं नसतं.

चिटणिसांना मात्र सांगता आलं. "सासूबाईंबद्दल सहानुभूती आहे, पण एकाला सूट दिली की सगळं मुसळ केरात."

"आणि तुमच्या सभासदाच्या भाच्याच्या साखरपुड्याचे फोटो इथेच निघाले, ते?" वाटाड्याने टोला हाणला. मंडपात खसखस पिकली.

चिटणीस कानापर्यंत लाल झाले, आणि तिरीमिरीत त्यांनी ठराव मांडला: "पाटीवर लिहिलेला नियम अक्षरशः पाळला जाईल. समितीसह कुणालाही, कुठल्याही कारणाने अपवाद नाही." हात वर झाले. सगळ्यात उंच हात वेलांटीबाईंचा होता. ठराव मंजूर.

"विषय दोन," चिटणीस म्हणाले. देवळाचा पहारेकरी स्टूल आणि पक्कड घेऊन तयारच होता. तो भिंतीकडे निघाला, तेवढ्यात बाई फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"थांब बाबा. चिटणीस, हा काय करतोय?"

"दिसत नाही का? फोटो काढतोय."

"पाटीवर काय लिहिलंय?"

मंडपातल्या माना एकेक करून दारावरच्या पाटीकडे वळल्या. आधी वाटाड्या फुटला, मग पुजारी, मग सगळा मंडप.

"हा शब्दच्छल आहे!" चिटणीस ओरडले. "काढणे म्हणजे इथे कॅमेऱ्याने टिपणे!"

"तसं पाटीवर कुठंय?" बाईंनी पर्समधून पिवळा पडलेला कागद काढून त्यांच्या नाकासमोर धरला. "मजकूर बरोबर. लाल पेन तुमचं, सही तुमची. अक्षरशः पाळायचं, समितीलाही सूट नाही, हे तुम्ही आत्ता म्हणालात. माझी आई इथे आहे. काढून दाखवा."

पहारेकऱ्याने गुपचूप पक्कड खिशात घातली.

"पाटी बदलू आम्ही," चिटणीस म्हणाले.

"बदला की. पुन्हा सभा, पुन्हा ठराव, पंधरा दिवसांची नोटीस. नियम म्हणजे नियम."

पंधरा दिवस म्हणजे फार नव्हे, हे बाईंना कळत होतं. भिंतीवर नावच नसलेली आई पंधरा दिवसांनी कुणीही सहज उतरवली असती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन टेकडी चढल्या. फोटोखालच्या भिंतीवर त्यांनी खडूने रेघ मारली, 'डावीकडून तिसरी' असं लिहिलं, आणि पुढे आईचं पूर्ण नाव काढायला घेतलं. त्या नावात दोन वेलांट्या होत्या. चाळीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाला दिल्या नव्हत्या एवढ्या मोकळ्या हाताने बाईंनी त्या दोन्ही ओढल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण रेघ कुठे वाकडी गेली नाही.

"इथे लिहायची परवानगी कुणी दिली?" मागून चिटणिसांचा आवाज आला.

"लिहू नये अशी पाटी कुठंय?"

तेवढ्यात कालची सून धापा टाकत पायऱ्या चढून आली. तिच्या हातात चिठ्ठी होती. "बाई, काल घरी जाऊन सगळं सांगितलं, तर सासूबाई रडायलाच लागल्या. तुमच्या आईच्या शेजारी उभी आहे ना, चौथी, त्या आमच्या सासूबाई आहेत. मला कधी बोलल्याच नव्हत्या. आठवली तेवढी नावं या चिठ्ठीत दिलीत, बाकीची आठवून सांगते म्हणाल्या."

बाईंनी चिठ्ठी वाचली, डोळे पदराने पुसले आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला. चिटणीस अजून तिथेच उभे होते. हातात लाल पेन होतं, पण भिंतीवर चूक एकही नव्हती.

"चिटणीस, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय," बाई म्हणाल्या. "इतर अजून नऊ जण आहेत."